माप मोठं घेतलं तरी पँट मागून का ओढते?

कराडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी नेटवरून उतरवलेल्या पॅटर्नवरून चार वर्षांच्या मुलाला आणि स्वतःला अशा दोन इलॅस्टिकच्या पँट शिवल्या. उभं राहिल्यावर दोन्ही छान दिसतात. पण मुलगा खेळायला खाली बसला की पँट मागून घसरते, आणि त्यांच्या स्वतःच्या पँटला सीटखाली घड्या पडून ओढ बसते. म्हणून त्यांनी एक माप मोठं घेऊन पुन्हा शिवली. ती कमरेत ढगळ झाली, ओढ मात्र तशीच राहिली, आणि एका बारशाला मांडी घालून बसल्यावर आसनाची, म्हणजे पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत जाणाऱ्या शिवणीची, टीप उसवली. घरी कापडाच्या कडा दोऱ्यानं बांधून घेणारी ओव्हरलॉक मशीन नाही. आता त्या विचारतात, पॅटर्नचा नाद सोडून अंगाला बसणारी एखादी जुनी पँटच उसवावी आणि तिच्यावरून कापावं का?

ताई, टीप उसवली म्हणून हाताला बोल लावू नका. मुलाची घसरणारी पँट आणि तुमची ओढणारी पँट ही दोन वेगळी दुखणी नाहीत, एकच आहे: मागचं आसन लांबीला कमी पडतंय. माप मोठं घेतल्यानं घेर वाढतो. तुम्हाला कमी पडतेय ती लांबी, तीसुद्धा फक्त मागे, मधोमध.

मी सांगलीत तीसेक वर्षं शिवते आहे, त्यातली पंधरा वर्षं घरीच बायकांना शिकवते. पँट शिवायला घाबरणाऱ्या जितक्या जणी पाहिल्या, त्यातल्या बहुतेकींचं घोडं आसनापाशीच अडलेलं असतं. अर्थात तुमची पँट मी अंगावर पाहिलेली नाही, कापड कुठलं तेही माहीत नाही. त्यामुळे जिथे ‘अंगावर अवलंबून आहे’ असं असेल तिथे तसं सांगेन आणि ते कसं ओळखायचं तेही सांगेन.

आधी हा प्रयोग करा. उभ्या राहा. टेपचं एक टोक पुढे कमरेवर बेंबीपाशी धरा, टेप दोन पायांमधून मागे न्या आणि मागच्या कमरेवर बोटांत पकडा. आता तशाच स्टुलावर बसा. मागची टेप बोटांतून सरकेल. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणींची इंच-दीड इंच सरकते, भरलेल्या अंगाच्या बाईची त्याहून जास्त. मांडी घालून बसलात तर आणखी थोडी. बसताना शरीर एवढं कापड मागतं, आणि ते पँटमध्ये नसेल तर कमरपट्टी खाली येते. कमरपट्टी घट्ट असल्यामुळे येऊ शकली नाही, तर आसनाची शिवण ओढली जाते. मुलाच्या पँटचं इलॅस्टिक मऊ होतं म्हणून ती घसरली, तुमची घसरू शकली नाही म्हणून ओढली आणि शेवटी उसवली.

माप मोठं घेऊन हे का सुटत नाही, तर मापं तयार होतात मुख्यतः घेरानुसार. एका मापावरून दुसऱ्यावर जाताना सीटचा घेर साधारण चार सेंटिमीटरनं वाढवतात, मागच्या आसनाची लांबी मात्र त्या मानानं थोडीच वाढते. अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला सुरुवात केली, तेव्हापासून आजच्या नेटवरच्या पॅटर्नपर्यंत गोष्ट तीच आहे: कंपनी एक ठरावीक शरीर धरते आणि तेच लहान-मोठं करते. तुमचं शरीर त्या शरीरापेक्षा कुठे वेगळं आहे, ते तुम्हालाच टेपनं शोधायचं असतं. म्हणून माझा नियम असा, की पँटचं माप सीटच्या घेरावरून निवडायचं, कमरेवरून नाही. कमर कमी-जास्त करणं अर्ध्या तासाचं काम आहे, सीट आणि आसन चुकलं तर कापड गेलं. तुम्ही मोठ्या मापाकडे गेलात, तिथून परत पहिल्या मापावर या.

आता मापं. दोन लिहून घ्या. पहिलं, आसनाची उंची: कडक बुडाच्या स्टुलावर ताठ बसा, कमरेला एक नाडी बांधा, आणि कुशीवरून, म्हणजे अंगाच्या बाजूनं, नाडीपासून स्टुलापर्यंत टेप सरळ धरा. सुती पँटसाठी यात अर्धा इंच, पायजम्यासारख्या सैल पँटसाठी एक इंच मिळवा. दुसरं, आसनाची पूर्ण लांबी: वर सांगितलेलं तेच माप, पण या वेळी उभं राहून, टेप न आवळता. पुढून मागे एकच आकडा न घेता, दोन पायांच्या मधोमध टेपला टाचणी किंवा धागा लावून पुढचा आणि मागचा असे दोन आकडे घ्या. इथेच सगळं कळतं. कुणाची पूर्ण लांबी पॅटर्नइतकीच असते, पण पुढे पोट असल्यामुळे पुढचा भाग जास्त असतो. कुणाचा मागचा जास्त असतो. बेरीज सारखी, पँट मात्र वेगळी.

हेच माप आता कागदावर घ्या. टेप आडवी न ठेवता कडेवर उभी करून आसनाच्या वाकणावरून फिरवा, माया (शिलाईबाहेर ठेवलेलं जास्तीचं कापड) सोडून, फक्त शिलाईच्या रेषेवर. पुढची आणि मागची बेरीज तुमच्या अंगाच्या मापापेक्षा इंच-दीड इंच जास्त भरली पाहिजे. माझा अंदाज आहे की तुमच्या पॅटर्नमध्ये पुढचं बरोबर येईल आणि मागचं कमी भरेल.

पण थांबा, त्याआधी कागद खरा आहे का ते बघा. नेटवरचे बरेच पॅटर्न अमेरिकेतल्या कागदाच्या आकारावर मांडलेले असतात. तो कागद २१६ मिलीमीटर रुंद, आपल्याकडचा ए-फोर २१० मिलीमीटर. झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा ‘पानात बसवा’ हा पर्याय ठेवून प्रिंट मारतो आणि सगळा पॅटर्न जवळजवळ तीन टक्क्यांनी आखडतो. शंभर सेंटिमीटरच्या सीटमधून पावणेतीन सेंटिमीटर गेले, आणि आसनातून जवळपास दोन. प्रत्येक चांगल्या पॅटर्नवर तपासायला एक चौकोन दिलेला असतो. शंभर टक्क्यांवर प्रिंट काढायला सांगा आणि पहिलं पान हातात आल्याबरोबर तो चौकोन पट्टीनं मोजा, उरलेली पानं नंतर. माझ्या एका विद्यार्थिनीनं तीन पँट फुकट घालवल्या, कारण एवढंच होतं.

मायेचंही असंच. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये दीड सेंटिमीटर माया धरलेली असते. बुर्डा या जर्मन शिवणमासिकातल्या पॅटर्नमध्ये माया धरलेली नसते, ती आपण वाढवायची असते. एकीच्या सवयीनं दुसरा कापला तर पँट घेरात चक्क जवळजवळ पाच इंचांनी चुकते, कारण दोन पायांच्या मिळून शिवणींच्या आठ कडा होतात. ट्रेस केलेल्या प्रत्येक तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहा: ‘माया धरली’ किंवा ‘माया नाही’. आणि मूळ कागद कापू नका. खाकी कागदावर उतरवून घ्या, दुरुस्त्या त्याच्यावर करायच्या आहेत.

आता मुख्य काम. चांगल्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचा, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाचा, नमुना शिवा. मांजरपाट नसेल तर जुनी सुती चादर चालेल, पण साडी नको, ती फार मऊ पडते आणि खोटं सांगते. गुडघ्यापर्यंतच शिवा, खिसे नको, नेफा (इलॅस्टिक घालायची कमरेची दुमड) नको. धावदोऱ्यासारखी लांब टीप मारा म्हणजे पटकन उसवता येईल. कमरेला इलॅस्टिक नुसतं वरून बांधा. हा नमुना घालून आरशासमोर उभं राहण्यात काही अर्थ नाही, उभ्यानं तर तुमची पहिली पँटसुद्धा छान दिसत होती. स्टुलावर बसा, मांडी घाला, उकिडव्या बसा, एक जिना चढा.

दोन वर्षांपूर्वी विश्रामबागेतल्या एक काकू माझ्याकडे आल्या. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. आयुष्यभर साडी नेसलेल्या. पाय उचलण्याचे, वाकवण्याचे व्यायाम सांगितलेले, ते साडीत होईनात. विकतची जी पँट पोटात बसायची ती बसल्यावर मागे कमी पडायची. सुनेनं मोठी आणली, तर पायात अडकून पडायची भीती. मी मांजरपाटाचा नमुना शिवला आणि काकूंना स्टुलावर बसवलं. मागून पाहिलं तर कापडाची वरची कड कमरेखाली चार बोटं उतरलेली होती, आणि मांडीच्या सांध्यापासून सीटकडे तिरक्या घड्या ताणलेल्या होत्या. मी त्यांना उभं केलं, आतून हात घालून कापड अंगापासून दूर धरलं, आणि सीटच्या सगळ्यात फुगीर भागावर मांजरपाट आडवा कापला, मधल्या शिवणीपासून दोन्ही कुशींकडे, कुशीच्या शिवणीपाशी दोन धागे ठेवून. मग वरची कड कमरेवर ओढून धरली आणि म्हटलं, बसा. बसताना त्या फटीनं आपणहून तोंड उघडलं. मधोमध सव्वा इंच, कुशीला शून्य. मी फटीत कापडाची पट्टी टाचली. काकू पुन्हा बसल्या, उठल्या, आणि म्हणाल्या, “आता कुणी मागून धरून ठेवलंय असं वाटत नाही.”

कागदावर करायचं ते एवढंच. मागच्या तुकड्यावर सीटच्या रेषेवर आडवी रेघ मारा. मागच्या मध्यापासून कुशीकडे कापत जा, पण कुशीच्या शिलाईरेषेवर कागद बिजागरीसारखा जोडलेला ठेवा. नमुन्यावर फट जितकी उघडली तितकी इथे मधोमध उघडा, अर्धा इंच असेल, इंच असेल, खाली दुसरा कागद लावून चिकटवा. मागच्या मधल्या रेषेत आणि कुशीला जो कोन येईल तो हलक्या हातानं गोल करा. पॅटर्नवरचा उभ्या धाग्याचा बाण खालच्या भागातला धरून वर वाढवा. कुशीची लांबी तीच राहते, त्यामुळे पुढचा तुकडा जसाच्या तसा जुळतो. तुमचा घेर वाढला नाही, कमर ढगळ झाली नाही, आणि मागे हवी तेवढी लांबी मिळाली.

एवढं करूनही मांड्यांच्या मधे ओढ राहिली, तर मागच्या आसनाचं टोक, म्हणजे आतल्या पायाच्या शिवणीकडे जाणारं, अर्धा इंच बाहेर वाढवा आणि गुडघ्यापर्यंत जुन्या रेषेत मिळवा. हे कुणाला लागतं, कुणाला लागत नाही. मांड्या भरलेल्या असतील तर बहुधा लागतं. उलट, सीटखाली कापड लोंबत असेल, झोल येत असेल, तर तुमची सीट चपटी आहे. तिथे तीच आडवी रेघ कापून उघडण्याऐवजी एकावर एक चढवायची.

एक चूक मात्र हमखास होते आणि ती मोह पाडणारी आहे: आसन घट्ट वाटतं म्हणून ते खाली खोदायचं. ब्लाऊज शिवणाऱ्या कुणालाही हे पटेल. मुंढा खोल केला तर हात मोकळा होत नाही, हात वर करताना अख्खा ब्लाऊज वर चढतो. पँटचंही तेच. आसन खाली गेलं की पाय उचलताना दोन्ही पाय एकमेकांना ओढतात. मोकळेपणा आसन अंगाच्या जवळ असण्यात आणि मागे पुरेशी लांबी असण्यात आहे. आपल्या जुन्या विजारींचं, पायजम्यांचं आसन खाली असूनही त्या घालून माणसं शेतात दिवसभर वाकत, कारण त्यांच्या आसनात चौकोनी तुकडा जोडलेला असे. तो सगळ्या बाजूंनी थोडं थोडं कापड देतो आणि ताण एका शिवणीवर येऊ देत नाही. खूप उकिडवं बसायचं काम असेल, किंवा मूल सारखं झाडावर नाही तर घसरगुंडीवर असेल, तर मी आजही हा तुकडा घालते. चार वर्षांच्या मुलाला शिवून अडीच इंचाचा चौकोन पुरतो.

आता मुलाकडे येऊ, कारण मुलांच्या बाबतीत गणित थोडं वेगळं आहे. तुम्ही ‘चार वर्षं’ असं लिहिलेलं माप घेतलंत. वय विसरा. युरोपातल्या पॅटर्नवर मुलांची मापं उंचीत असतात: ९८, १०४, ११०, ११६, म्हणजे तेवढ्या सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी, सहा-सहाच्या टप्प्यानं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाची मधली उंची १०३ सेंटिमीटरच्या आसपास आहे, पण तुमच्या बालवाडीत एका रांगेत उभी केली तर चार वर्षांची मुलं ९६ पासून ११० पर्यंत सापडतील. मुलाला भिंतीला टेकवून उंची घ्या, त्यावरून लांबी निवडा. रुंदी मात्र त्याच्या सीटच्या घेरावरून. बारीक, उंच मुलाला रुंदी ९८ ची आणि लांबी ११० ची लागू शकते, आणि हे एकाच कागदावर करता येतं: ९८ च्या रेषेवर कापत या, पाय खाली ११० पर्यंत वाढवा. आसनाची उंची मात्र वेगळी मोजा, तिचा या दोन्हींशी थेट संबंध नाही.

लहान मुलाला कमर अशी नसतेच, पोट पुढे आणि पाठीचा कणा आत. त्यामुळे इलॅस्टिक पुढे पोटाखाली जातं आणि मागे घसरतं. म्हणून मुलांच्या पँटला मी मागची मधली उंची पुढच्यापेक्षा पाऊण ते एक इंच वर ठेवतेच. तुमच्या पॅटर्नमध्ये नेफ्याची रेष पुढे-मागे एका सरळीत असेल, तर घसरण्याचं कारण तिथेच सापडलं. मागे मधोमध एक इंच वर खूण करा आणि कुशीला शून्यावर मिळवा. शिवाय मागच्या बाजूला नेफ्याच्या आत कापडाचा छोटा तुकडा दुमडून शिवा. मूल स्वतः पँट घालायला लागलं की मागचं कुठलं ते त्याला बोटानं कळतं.

‘वाढत्या अंगाचं’ म्हणून सगळं मोठं शिवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. ती लांबीत ठेवा, रुंदीत आणि आसनात नको. या वयात उंची वर्षाला साधारण सहा सेंटिमीटर वाढते, त्यातली निम्म्याच्या आसपास पायात. म्हणजे मोहरीला, पायाच्या खालच्या कडेला, दोन इंच माया आत दुमडली तर दीड वर्ष सहज निघतं, तोवर गुडघे फाटतात. दुमड उलगडल्यावर जुनी रेघ पांढरट दिसते, तिच्यावरून वेगळ्या रंगाची पट्टी शिवली की ती मुद्दाम लावल्यासारखी दिसते. इलॅस्टिक पाऊण किंवा एक इंच रुंदीचं घ्या, मुलाच्या कमरेपेक्षा दोन इंच कमी कापा, टोकं एकावर एक इंचभर चढवून चौकोनी टीप मारा. नेफा शिवताना तीन इंच जागा उघडी सोडली आणि ती शेवटी हातानं शिवली, तर इलॅस्टिक सैल झाल्यावर बदलणं सोपं जातं. पोटावर वळ उठत असतील तर इलॅस्टिक बदला, पँट नको.

जुनी पँट उसवून तिच्यावरून कापायचं का, याला माझं उत्तर कापडावर अवलंबून आहे. ती पँट ताणाची असेल, जीन्ससारखी दिसणारी पण ओढल्यावर लांबणारी, तर मुळीच नको. तिचं माप अंगापेक्षा कमी असतं आणि उरलेलं कापडाचा ताण भरून काढतो. तेच माप सुती पॉपलीनला दिलंत तर मांडीवरून वर चढणार नाही. पँट साध्या विणीची असेल आणि मांडी घालूनही आरामात असेल, तर ती सोनं आहे, उसवू मात्र नका. एक पाय दुसऱ्यात घालून ती कागदावर पसरा, शिवणीवरून टाचण्या टोचत जा, भोकं जोडा. मागच्या आसनाचं वाकण सपाट पसरत नाही, तिथे अर्धा-अर्धा भाग करून उतरवा. आणि लक्षात ठेवा, जुन्या पँटची सीट आणि गुडघे वापरून फुगलेले असतात. मी स्वतः जुन्या पँटवरून अख्खं कापत नाही. पॅटर्न कागदावर ठेवते आणि आसनाचं वाकण तेवढं जुन्या पँटशी ताडून बघते. तुमच्याकडे पॅटर्न आहेच, तुम्हीही तसंच करा.

कापडाबद्दल थोडक्यात. कराडला काय मिळतं ते तुम्हाला जास्त माहीत. आमच्याकडे कापड पेठेत इचलकरंजीचं, विट्याचं सुती कापड तागेच्या तागे असतं आणि पहिल्या पँटसाठी मी तेच सुचवते: मध्यम जाडीचं, ताण नसलेलं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारून घ्या. तुमच्या मापाची पँट ४४ इंच पन्ह्यात बसवायला दोन लांब्या लागतात, म्हणजे सव्वादोन ते अडीच मीटर. पन्हा ५८ असेल तर पुढचा-मागचा तुकडा शेजारी-शेजारी बसतो आणि सव्वा मीटर बहुधा पुरतं. मुलाची ४४ पन्ह्यात एकाच लांबीत निघते, पाऊण मीटरला. कापण्याआधी कापड पाण्यातून काढा, रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, ओलसर असतानाच इस्त्री करा. सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटतं, चाळीस इंचांच्या लांबीत ते सव्वा ते दोन इंच झालं. आसनातूनही आटतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कदाचित तुमची पँट धुतल्यावर जास्त ओढायला लागली असेल, आठवून बघा. बाण उभ्या धाग्याला समांतर आहे ना, हे काठापासून दोन ठिकाणी अंतर मोजून पाहा. तिरका लागला तर धुतल्यावर पाय नडगीवरून फिरतो.

आता उसवलेली टीप. आसनाचा खालचा भाग उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापला जातो. उरेब कापड ताणलं की लांबतं, सरळ टीप लांबत नाही, म्हणून दोरा तुटतो. आधी प्रत्येक पायाची आतली आणि कुशीची शिवण पूर्ण करा. मग एक पाय सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घाला, सुलटी बाजू सुलटीला लागेल असा, आणि आसन पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एका दमात शिवा. सुई १४ नंबरची, दोरा पॉलिएस्टरचा, टीप बारीक. वाकणावर कापड दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा म्हणजे टिपेत थोडी ढील राहते. मशीनला झिगझॅग असेल तर अगदी अरुंद झिगझॅग त्याहून चांगली. नंतर फक्त वाकणाच्या भागात, मायेच्या बाजूला, दोन मिलीमीटरवर दुसरी टीप मारा आणि तिथली माया छाटून पाव इंचावर आणा. रुंद माया वाकणात गोळा होते आणि टोचते. इथली शिवण इस्त्रीनं उघडू नका, उभीच राहू द्या.

ओव्हरलॉक नसल्यानं काही अडत नाही. दोन वाटा आहेत. कापून झालेले चारही तुकडे पिको-फॉलच्या दुकानात नेऊन कडा इंटरलॉक करून आणायच्या, किंवा जीन्सच्या पायाला असते तशी दाबून घेतलेली शिवण घालायची: एक टीप मारा, एका बाजूची माया निम्मी छाटा, दुसरी तिच्यावर दुमडून सपाट बसवा आणि वरून टीप मारा. मुलासाठी मी ही दुसरीच करते. आत एकही कड मोकळी राहत नाही. माझा भाचा लहानपणी विकतची पँट घातली की मांडी खाजवत रडायचा, आतून हात फिरवला तर नायलॉनच्या दोऱ्याची कड टोचत होती. या शिवणीच्या पँट त्यानं फाटेपर्यंत घातल्या.

पॅटर्न एकदा अंगाला बसला की तो जपा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं, तेव्हा मशीन माळ्यावर चढवली पण खालच्या कपाटातले खाकी कागद राहिले. वीस वर्षांत दुरुस्त केलेले पॅटर्न होते, एकेका बाईच्या नावाचे. लगदा झाला. तेव्हापासून प्रत्येक पॅटर्नवरचे आकडे वहीत लिहून ठेवते: पुढचं आसन, मागचं आसन, फट किती उघडली, टोक किती वाढवलं. कागद गेला तरी त्या चार आकड्यांवरून तासाभरात पुन्हा उभा राहतो. तुम्हीही नमुना पास झाल्या दिवशीच हे लिहून ठेवा, तारीख घालून. मुलाचं दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा.

मोहरी सगळ्यात शेवटी. इलॅस्टिक घालून पँट एक रात्र खुंटीला टांगून ठेवा, कापड आपल्या वजनानं बसतं, उरेब बाजू किंचित उतरते. मग घाला, बाहेर जाताना वापरता ती चप्पल पायात घाला, आणि घरातल्या कुणाला तरी फरशीपासून वर मोजत टाचण्या लावायला सांगा. स्वतः वाकून लावल्या तर वाकताना पँट वर जाते आणि मोहरी लांब राहते. मुलाची मात्र अनवाणी मोजा, आणि तो पळत असताना एकदा मागून बघा. टाच मोहरीवर पडत असेल तर आणखी अर्धा इंच आत घ्या.